छतावरचा बर्फ

खोली बघायला गेले तेव्हा सरांनी माझी जात विचारली नाही, लग्न कधी करणार हे विचारलं नाही, मटण शिजवणार का हेही विचारलं नाही. सोलापुरात एकट्या पोरीनं खोली शोधत हिंडून बघावं, ह्या तीन प्रश्नांशिवाय किल्ली हातात पडत नाही. सरांनी चष्म्याच्या वरून माझ्याकडे बघत एकच विचारलं, "सिनेमा कशावर बघता?"

"फोनवर," मी म्हणाले.

सरांनी डोळे मिटले. कुणीतरी गेल्याची बातमी ऐकल्यावर मिटावेत तसे. मग जरा सावरून विचारलं, "आणि काम काय करता?"

"चिंचोळीला, एमआयडीसीत. औषधाच्या कंपनीत क्वालिटीला आहे."

"म्हणजे दिवसभर दुसऱ्यांच्या गोळ्यांची क्वालिटी तपासायची, आणि घरी येऊन तळहाताएवढ्या चित्रावर भागवायचं."

आतून एक बाईचा आवाज आला, "अहो, किल्ली द्या की त्या पोरीला. उन्हात उभी आहे ती."

त्या काकू. किल्ली मिळाली ती त्यांच्यामुळे. सरांनी एकच अट घातली: रविवारी सकाळी दहानंतर जिन्यातला दिवा लावायचा नाही, कारण त्याचा उजेड झरोक्यातून हॉलमध्ये येतो. अंधारात जिना उतरताना पाय मुरगळला तर काय, असं मी विचारलं. "भिंत धरून उतरा," सर म्हणाले. "भिंतीला उजेड लागत नाही."

सर ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवून निवृत्त झालेले. जुळे सोलापुरात त्यांचं घर, खाली ते दोघं आणि वर मी. गल्लीत त्यांचं नाव कुणी घेत नसे. 'चादरवाले सर' म्हटलं की रिक्षावाला बरोबर दारात आणून सोडायचा. कारण दर रविवारी त्यांच्या हॉलच्या तिन्ही खिडक्यांवर आतून सोलापुरी चादरी चढत. जुन्या, जाड, दोन्ही बाजूंनी नक्षी असलेल्या चादरी. एकदा बाहेरगावच्या एका बाईंनी बेल वाजवून चादरीचा भाव विचारला होता. सरांनी त्यांना उजेड कसा अडवला जातो ते नीट समजावून सांगितलं, आणि बिचाऱ्या जायला निघाल्या तेव्हा काकूंनी त्यांना चहा पाजला.

लोक सरांना चक्रम म्हणत. म्हणोत बापडे. ज्या गल्लीत लोक जेवताना एक डोळा ताटावर आणि एक डोळा फोनवर ठेवून दोन्हींतलं काहीच धड खात-बघत नाहीत, त्या गल्लीनं कुणाला चक्रम म्हणावं ह्याला काही अर्थ नाही.

सरांकडे प्रोजेक्टर होता, डिस्क लावायचं यंत्र होतं आणि कपाटभर डिस्क होत्या. नवी पेठेत डिस्कचं जे एक दुकान होतं तिथं आता फोनची कव्हरं मिळतात. सर त्या दुकानासमोरून जाताना मान फिरवून जायचे. नेटवरून येणारं चित्र त्यांना चालत नसे. चालत नसे म्हणजे त्यांना ते दिसतच नसे, त्यांना फक्त त्यातली काटछाट दिसे. एकदा त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यानं मोठ्या कौतुकानं आपल्या नव्या फोनवर रात्रीचा एक देखावा दाखवला. सरांनी टेबलाच्या खणातून भिंग काढलं, काचेवर धरलं आणि म्हणाले, "हे आकाश आहे की बाथरूमची फरशी? चौकटी मोज." तो बिचारा हिरमुसला. सर पुढे म्हणाले, "काळं हे काळंच दिसलं पाहिजे. राखाडी म्हणजे काळ्यानं खाल्लेली लाच."

अशी वाक्यं त्यांच्या तोंडून सहज पडत. सोय हा शब्द तर त्यांच्यासमोर काढायची चोरी होती. "सोयीचं आहे म्हणता? कुणाच्या सोयीचं, ते आधी विचारा," असं म्हणून ते अंगावर येत. त्यांचा मुलगा पुण्याला कॉम्प्युटरवर जे काम करायचा ते नेमकं हेच: चित्र दाबून-चेपून इतकं लहान करायचं की ते कुठल्याही फोनपर्यंत पोचावं. सर पाहुण्यांना सांगत, "आमचे चिरंजीव चित्रं पिळायच्या घाण्यावर आहेत."

मुलगाही काही कच्चा नव्हता. एकदा दिवाळीत त्यानं माझ्यासमोर बापाला सरळ विचारलं, "बाबा, ज्याच्या गावात धड रेंज येत नाही, ज्याच्याकडे हॉल नाही, प्रोजेक्टर नाही, चादरी लावायला खिडक्या नाहीत, त्यानं बघूच नये का?"

मी मंद्रूपची, खेड्यातली. घरी एका फोनवर आम्ही सगळे डोक्याला डोकी लावून बघत मोठे झालो. त्यामुळे उत्तर मलाही हवं होतं.

"बघावं की," सर म्हणाले. "जरूर बघावं. पण आपल्याला अर्धं मिळालंय हे त्याला माहीत असावं. तुम्ही लोक अर्धं देता आणि पूर्ण म्हणून सांगता, माझं भांडण तेवढ्याशीच आहे." ह्यावर मुलानं चकली उचलली आणि विषय तिथंच राहिला.

रविवारचा खेळ दहाला सुरू होई. दहा म्हणजे दहा. येणारे आम्ही मोजकेच: बँकेतून निवृत्त झालेले एक साहेब, सरांचे दोन-तीन जुने विद्यार्थी, आणि पुढे मी. आल्याबरोबर फोन एका स्टीलच्या डब्यात टाकायचे, डबा काकूंच्या ताब्यात. दार बंद. आणि मग पंखा बंद. हो, पंखा. पंख्याच्या वाऱ्यानं चादरी हलतात, चादरी हलल्या की कडेनं उन्हाच्या रेघा आत येतात आणि चित्रावर नाचतात, म्हणून पंखा बंद. सोलापुरात, एप्रिल-मेमध्ये. बँकेतले साहेब मांडीवर टॉवेल घेऊन बसत आणि खेळ संपल्यावर तो पिळत.

पहिल्या रविवारी मी निव्वळ भिडेपोटी गेले. दिवे मालवल्यावर सरांनी स्वतःचा हात वर धरला. "दिसतोय?"

"थोडासा," मी म्हणाले.

"अगं!" सरांनी हाक मारली, "डावी खिडकी, खालचा कोपरा!"

काकू स्वयंपाकघरातून आल्या, न चाचपडता बरोबर त्या कोपऱ्याशी गेल्या, चादर चौकटीत खोचली आणि परत गेल्या. जाताना स्वयंपाकघराचं दार ओढून घेतलं. हात दिसेनासा झाला. सगळ्या चादरी काकूच लावत. सरांनी लावल्या की कुठंतरी फट राहायची. कोणत्या महिन्यात ऊन कुठून आत शिरतं हे काकूंना पाठ होतं. तो सगळा अंधार खरं तर काकूंच्या हातचा होता, पण हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही, आणि सरांच्या तर नाहीच नाही.

त्या दिवशी जो सिनेमा लागला तो सरांचा सगळ्यात लाडका. नवीन माणूस आला की पहिला तोच. परदेशातलं डोंगरातलं एक खेडं, गावाच्या देवळाची घंटा फुटलेली, आणि नवी घंटा खेचरांवर लादून वर न्यायची. गोष्ट एवढीच. बोलणं जवळजवळ नाही. शेवटाकडे घंटा चढते, दोर ताणतात, आणि वाजवायच्या आधी सगळं गाव बर्फात नुसतं उभं राहतं. कसलाही आवाज नाही. बर्फ पडत राहतो. मी आयुष्यात बर्फ पाहिला नव्हता, फ्रीझरमधला सोडून. पण त्या पांढऱ्यात किती तऱ्हेचं पांढरं होतं, बाईच्या पापणीवरचा कण वेगळा आणि खेचराच्या पाठीवरचा वेगळा, हे मला तेव्हा दिसलं. फोनवर हे मला दिसलं नसतं. हे मी आजही कुणाशीही भांडून सांगायला तयार आहे.

आणि नेमक्या त्या शांततेत स्वयंपाकघरातून कुकरची शिट्टी झाली.

"बरोबर इथेच!" अंधारात सर दात-ओठ खात म्हणाले. "दर वेळी बरोबर इथेच! मुद्दाम करते ती."

पुढे हा सिनेमा मी बऱ्याचदा पाहिला, आणि एकदाही शिट्टी चुकली नाही. आम्हाला ती सिनेमाचाच भाग वाटायला लागली होती.

आमचे आप्पा, माझे वडील, एकदा मंद्रूपहून आले. मेंढरं आणि थोडी जिरायत एवढाच त्यांचा संसार. रविवार होता, सरांनी त्यांना सोडलं नाही, पुढच्या खुर्चीत बसवलं. दिवे गेले, चादरी घट्ट, आणि थोड्याच वेळात आप्पांचं घोरणं सुरू झालं. मी लाजेनं अर्धी झाले. खेळ संपल्यावर आप्पा डोळे चोळत उठले आणि सरांना म्हणाले, "सर, लई ग्वाड झोप लागली बगा. अंदार चांगला हाय तुमचा. आमच्याकडं असला अंदार आता कुटं ऱ्हायलाय? जिकडं बगावं तिकडं दिवं."

मला वाटलं, सर आता भिंग काढतात. पण सरांचा चेहरा उजळला. "इतकी वर्षं लोक येतात," ते मला म्हणाले, "चित्र चांगलं म्हणतात, आवाज चांगला म्हणतात. अंधार चांगला म्हणणारा पहिला माणूस आज आला." आप्पांना त्यांनी स्टॉपपर्यंत जाऊन एसटीत बसवून दिलं. आप्पा मात्र गावाकडे सांगत सुटले की पोरीचा घरमालक दर रविवारी लोकांना बोलावून झोपवतो.

काकूंचं ह्या सगळ्याशी काय नातं होतं? वरवर बघितलं तर भांडणाचं. त्यांचं माहेर अक्कलकोटकडचं, चिडल्या की बोलण्यात कानडी 'अय्यो' यायचं. त्या आपली मालिका फोनवर बघत, फोन शेंगाचटणीच्या बरणीला टेकवून, भाकरी थापता थापता. काचेला तडा गेलेला. "मला कळतंय ना कोण रडायलंय आणि कोण रडवायलंय? मग बास की," असं त्यांचं म्हणणं. सर त्या वेळी स्वयंपाकघरात पाऊल टाकत नसत.

सर सिनेमा मध्येच थांबवत नसत. कुणाला लघवीला जायचं असलं तरी नाही. "सिनेमा म्हणजे काय नळ आहे? हवा तेव्हा सोडला, हवा तेव्हा बंद केला?" हे त्यांचं ठरलेलं उत्तर. ते त्यांच्यावर एकदाच उलटलं. आमच्याकडे नळाला पाणी रोज येत नाही, आणि ज्या दिवशी येतं त्या दिवशी घरातलं सगळं बाजूला ठेवून भांडी भरायची असतात. असा एक रविवार होता. बाहेर काकूंनी दार वाजवलं. सर हलले नाहीत. पुन्हा वाजवलं. आम्हाला सगळ्यांना नळाचा आवाज ऐकू येत होता, घशाला कोरड पडली होती, पण उठायची कुणाची छाती होईना. मग दार उघडलं, काकू तरातरा खिडकीशी गेल्या आणि मधली चादर दोन्ही हातांनी खसकन ओढली. सगळं ऊन हॉलमध्ये आलं. भिंतीवरचं चित्र जागच्या जागी विरून गेलं.

"पाणी यायलंय," काकू म्हणाल्या. "आठवडाभर काय तुमचा काळा रंग पिणार आहात?"

बँकेतल्या साहेबांनी घागर उचलली, मी बादली. सरांनी पिंप भरलं. संध्याकाळी काकूंनी चादर स्वतःच परत लावून दिली आणि उरलेला सिनेमा आम्ही तेव्हा पाहिला.

आणि अशाच एका रविवारी, मार्च संपत आला असताना, काकू पडल्या.

मी जिन्यात होते. धप्प असा आवाज झाला, मग स्टूल फरशीवर गडगडत गेल्याचा. मी धावले तर काकू हॉलच्या मधल्या खिडकीखाली पडलेल्या, अर्धी चादर वर लटकलेली, अर्धी त्यांच्या अंगावर. सर त्यांच्या डोक्याशी बसून "उठ, उठ की गं" म्हणत होते. काकू म्हणाल्या, "उठता येत नाही हो."

मणक्याला चीर गेली होती. ऑपरेशन नको, पण डॉक्टर सांगतील तोवर सपाट पाठीवर पडून राहायचं. उशी नाही, मान उचलायची नाही. डॉक्टरांनी सरांना बाजूला घेऊन सांगितलं की नीट जुळलं तर चालतील, खाल्लं-प्यायलं नाही आणि अंगातली ताकद गेली तर मात्र अंथरूण सुटायचं नाही. मी तिथंच उभी होते. सर मान हलवत राहिले, डॉक्टर निघून गेले तरी.

गल्लीला विषयच मिळाला. सिनेमापायी बायकोला मोडून ठेवलं म्हणाले. मला फार संताप यायचा. समोरच्या वहिनी मला जिन्यात गाठून हेच बोलायला लागल्या तेव्हा मी त्यांना विचारलं, "जळमटं काढताना बायका पडतात, माळ्यावरून लाडवाचा डबा काढताना पडतात. तेव्हा लाडवाला कुणी नावं ठेवतं का?" त्या पुन्हा माझ्याशी बोलल्या नाहीत. माझं काही अडलं नाही.

पुण्याहून मुलगा आला. तो चिडला नव्हता, थकला होता. "बाबा, हॉलमध्ये एक चांगला टीव्ही असता, तर चादरी लागल्या नसत्या. एवढंच," तो म्हणाला. मुलगा परत गेल्यावर सरांनी चादरी घडी करून ट्रंकेत घातल्या, प्रोजेक्टरवर उशीचा अभ्रा चढवला, आणि रविवारी येणाऱ्यांना फोन करून सांगितलं की आता बंद. मग ते कुकर लावायला शिकले. शिट्ट्या बोटांवर मोजत गॅससमोर उभे राहायचे.

काकूंचं बळ मात्र दिवसेंदिवस कमी होत चाललं होतं. फोन तोंडावर धरून मालिका बघू गेल्या तर हात भरून यायचा, आणि एकदा फोन सुटून नाकावरच आपटला. मुलानं पलंगाला अडकवायचा एक स्टँड आणि मोठा टॅब पाठवला. तो दोन दिवस चालला. आतल्या खोलीत रेंज नाही, ऐन भांडणाच्या प्रसंगात चित्र अडकायचं. "ते गोल गोल फिरायलंय ते काढ बाई पुढून," काकू मला म्हणाल्या, आणि डोळे मिटून घेतले. मग जेवण तुटलं. सर खिचडी घेऊन बसायचे, दोन चमच्यांनंतर त्या मान फिरवायच्या. चमचा तसाच हातात धरून सर बसून राहायचे. मला कंपनीतून येताना रोज भीती वाटायची की आज काय ऐकायला मिळतंय.

एका संध्याकाळी मी त्यांचं अंग पुसत होते, सर पायाशी बसले होते. काकूंनी एकाएकी विचारलं, "चादरी कुठायत?"

"ट्रंकेत," सर म्हणाले.

"का?"

सर पांघरुणाची कड सारखी करायला लागले.

"आज रविवार ना? बँकेतले साहेब आले नाहीत ते?"

"बंद केलंय मी ते," सर म्हणाले. "माझ्या त्या नादापायी तू..."

"अय्यो!" काकू इतक्या जोरात म्हणाल्या की मी दचकले. "मी पडले ती स्टूल डुगडुगत होतं म्हणून. त्याला खिळा मारा म्हणून तुम्हाला दिवाळीपासून सांगायलेय. त्याची लाज वाटायची असेल तर वाटू दे, चांगली वाटू दे. पण सिनेमाला कशाची शिक्षा? माझ्यामुळं ह्या घरात काही बंद पडलं असं लोकांनी म्हणायचं? मी नाही ऐकून घेणार."

पाठीवर पडून, मान न हलवता, छताकडे बघत त्या हे बोलत होत्या. मग जरा दम घेऊन म्हणाल्या, "आणि मला दिवसभर हे छत दिसायलंय. हा पंखा आणि वरच्या बाथरूममुळं पडलेला तो डाग. त्यावरच दाखवा काहीतरी."

सरांनी वर पाहिलं. त्यांच्यातला मास्तर किती दिवसांनी जागा झालेला मी बघितला. "छतावर टाकता येईल," ते हळूहळू म्हणाले. "प्रोजेक्टर उभा करावा लागेल. डाग आहे, पण..."

"डाग ढगात खपून जाईल."

"पंखा काढावा लागेल मात्र. बरोबर मध्ये येतो. कडेला सरकवलं तर चित्र भिंतीवर सांडतं."

"पंखा राहू दे. आणि चालू राहू दे. मला उकडतंय."

"अगं, पाती उजेड कापतील. चित्राच्या मध्यावर नुसतं लखलखत राहील. चित्र बिघडेल."

"कुणाचं?" काकू म्हणाल्या.

सर माझ्याकडे बघायला लागले. मी टॉवेल पिळत राहिले. ह्यात मी पडणार नव्हते. शेवटी ते उठले आणि ट्रंक उघडली. चादरी मी लावल्या, काकूंनी पडल्या पडल्या फटी सांगितल्या. सरांनी चहाच्या टेबलावर पुस्तकं रचून प्रोजेक्टर आकाशाकडे तोंड करून उभा केला. "काय लावू?" त्यांनी विचारलं.

"ते कुकरचं," काकू म्हणाल्या.

आम्हा दोघांनाही क्षणभर कळलं नाही. मग कळलं. घंटेचा सिनेमा. तो काकूंच्या लेखी कुकरचा होता, कारण त्यावरून त्यांनी इतकी बोलणी खाल्ली होती.

"पण तू बघितलायस ना तो?" सरांनी विचारलं.

"मी कधी बघणार? मी तिकडं आत. ऐकलाय सगळा."

हे त्या सहज म्हणाल्या, तक्रार म्हणून नाही. सर टेबलाशी वाकले होते ते तसेच राहिले. इतके रविवार अंधार करून देणारी बाई अंधार झाल्यावर दार ओढून निघून जायची, आणि आम्ही सगळे चित्र किती स्पष्ट ह्यावर तावातावानं बोलत बसायचो. मला स्वतःचा राग आला, सरांचा त्याहून जास्त. मग सरांनी डिस्क पुसली आणि यंत्रात घातली.

छतावर डोंगर उगवला. मधोमध पंखा गरगरत होता आणि सरांनी सांगितलं होतं तसंच होत होतं, चित्राच्या मध्यावर एक लखलखतं वर्तुळ, त्यातून जाणारी माणसं क्षणभर तुटत आणि पलीकडे जोडली जात. काकूंचं तिकडे लक्ष नव्हतं. त्या आम्हाला पुढचं आधीच सांगत होत्या. "आता खेचरांची घुंगरं वाजतील." वाजली. "आता तो म्हातारा खोकतो." खोकला. "हां, हा होय तो! मला वाटायचं, जाडजूड असेल." प्रत्येक आवाज त्यांच्या ओळखीचा होता आणि प्रत्येक चेहरा नवा.

मग दोर ताणले, घंटा वर गेली, आणि सगळं गाव बर्फात उभं राहिलं. आवाज गेला. छतभर बर्फ पडत होता, डागावर, पंख्यावर, भिंतीच्या कडेपर्यंत. बाहेर एप्रिल तापलेला होता.

काकू अगदी हळू म्हणाल्या, "हे असं आहे होय. आवाजच नाही की ह्याला. मला वाटायचं, तुमचं मशीन बंद पडलं, संपला सिनेमा. म्हणून मी भाताचा मंद ठेवलेला गॅस मोठा करायची."

सरांनी चष्मा काढला. इतकी वर्षं त्यांना वाटत होतं की ती मुद्दाम करते. ते रडले, आणि मी तिथं आहे ह्याची त्यांनी पर्वा केली नाही. त्या रात्री काकूंनी अख्खी भाकरी खाल्ली, दुधात कुस्करून. सरांनी ती ताटली मला मुद्दाम जिन्यापर्यंत आणून दाखवली.

पुढच्या रविवारी खेळ पुन्हा सुरू झाला, हॉलमध्ये नाही, आतल्या खोलीत. आम्ही पलंगाभोवती फरशीवर आडवे झालो, उशा आपापल्या घरून आणून. चित्र सुरू झालं तशी बँकेतल्या साहेबांची चुळबुळ सुरू झाली. "सर, पंखा..." ते म्हणाले. "म्हणजे तुम्हीच आम्हाला शिकवलंत म्हणून म्हणतो. मधलं काही दिसत नाही. बंद केला तर?"

"ज्यांना पंख्याचा त्रास होतो," सर म्हणाले, "त्यांनी हॉलमध्ये जाऊन बसावं."

"हॉलमध्ये लावलंय का काही?"

"नाही," सर म्हणाले.

साहेबांनी टॉवेल पोटावर घेतला. घंटा डोंगर चढत गेली. खेचरं, म्हातारा, दोर. आणि गाव बर्फात उभं राहिलं, आणि सगळं शांत झालं, आणि स्वयंपाकघरातून कुकरची शिट्टी झाली.

काकूंसाठी भात सरांनीच लावला होता. लावून विसरले होते.

"अहो!" काकूंनी पडल्या पडल्या हात वर केला. "तो कुकर बंद करा आधी! इथं बर्फ पडायलाय!"

सर धडपडत उठले. अंधारात साहेबांच्या पायाला अडखळले, दाराशी पोचले, आणि तिथं थांबून त्यांनी जे विचारलं ते त्यांच्या तोंडून कुणी कधी ऐकलं नव्हतं. "थांबवू का जरा? येईपर्यंत?"

"थांबवायचं नाही," काकू म्हणाल्या. त्यांची नजर छतावरून हलली नाही. "तुम्ही जा. काय झालं ते मी सांगते नंतर."